तैलरंग शिकायचेत? राफाएलची एक मेरी उतरवून पाहा

तैलरंगांची पहिली पेटी घरी आली की बहुतेक जण फुलदाणी, दोन सफरचंदे नाहीतर समुद्रकिनाऱ्यावरचा सूर्यास्त रंगवायला घेतात. आठवडाभरात कॅनव्हासवर चिखल होतो. रंग एकमेकांत मिसळून मळकट होतात, सावल्या काळ्या पडतात, आणि माणूस निमूटपणे पुन्हा जलरंगांकडे किंवा अॅक्रिलिककडे वळतो. हात वाईट असतो असे नाही. त्याने दोन अवघड कामे एकदम अंगावर घेतलेली असतात. चित्रात काय, कुठे आणि कसे असावे हे ठरवणे हे एक काम. तैलरंग नावाच्या हट्टी माध्यमाला वळण लावणे हे दुसरे. एखाद्या थोर चित्राची प्रत करायला बसलात की पहिले काम कोणीतरी आधीच, तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगले करून ठेवलेले असते. सगळे लक्ष दुसऱ्यावर देता येते.

आपल्याकडे ‘कॉपी’ म्हटले की नाक मुरडले जाते, पण युरोपातले चित्रकार शतकानुशतके याच वाटेने शिकले. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकात शिकाऊ मुलांना स्पष्ट सांगितले आहे की चांगल्यात चांगला एक गुरू निवडा आणि त्याचीच चित्रे उतरवत राहा. आज हा, उद्या तो, असे करू नका. खुद्द राफाएलचे सुरुवातीचे काम पेरुजिनो या चित्रकाराच्या कामाशी इतके मिळतेजुळते होते की दोघांत फरक करणे कठीण जाई. पुढे फ्लॉरेन्सला आल्यावर त्याने लिओनार्दोचा अभ्यास केला. लिओनार्दोच्या ‘लीडा’वरून त्याने केलेले रेखाटन आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे, आणि लिओनार्दोचे मूळ चित्र हरवले आहे. पॅरिसचे लूव्र १७९३ मध्ये खुले झाले तेव्हापासून तिथे इझल मांडून प्रती करणारे चित्रकार आहेत. त्यांना आजही परवाना मिळतो. एक अट अशी की प्रत मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये.

प्रत करण्यासाठी मी एक ठरावीक चित्र सुचवतो. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधली राफाएलची ‘स्मॉल काउपर मॅडोना’. हे चित्र १५०५ च्या सुमाराचे आहे. राफाएल तेव्हा बाविशीत होता. काउपर हे चित्राच्या एका जुन्या मालक घराण्याचे नाव. त्याच घराण्याकडची राफाएलची दुसरी, मोठी मॅडोनाही याच संग्रहालयात असल्यामुळे ही ‘छोटी’. मोकळ्या निसर्गात बसलेली लाल पोशाखातली मेरी, मांडीवरून आलेला गडद निळा झगा, तिच्या गळ्यात हात टाकलेला उघडा गोरा बाळ येशू, मागे फिकट आकाश आणि उजवीकडे दूर टेकडीवर एक चर्च. बस, एवढेच.

हेच चित्र का, याची कारणे सगळी व्यवहारातली आहेत. तैलरंगात शिकायचे असते ते सगळे इथे एका जागी आहे. त्वचा दोन प्रकारची, आईची आणि बाळाची. वस्त्रे दोन, एक उष्ण रंगाचे आणि एक थंड. एक पारदर्शक ओढणी. दूरचा निसर्ग. माणसे दोनच, त्यामुळे गर्दी नाही. मूळ लाकडी फळी ५९.५ बाय ४४ सेंटिमीटर आहे, म्हणजे दुकानात सहज मिळणाऱ्या १८ बाय २४ इंची कॅनव्हासवर ती मूळ मापात बसते आणि चारही बाजूंना पाऊण सेंटिमीटरच्या आसपास कोरी पट्टी उरते. घरी काम करताना लूव्रची अट आपल्याला लागू नाही. मूळ मापातच करा, कारण ब्रशचा आकार, बोटांची जाडी, डोळ्याच्या पापणीची रेघ या गोष्टी खऱ्या मापातच कळतात. शेवटचे कारण सगळ्यांत मोठे. हे संग्रहालय स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांची मोठ्या आकाराची छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर मोफत देते. मेरीची भुवई स्क्रीनभर मोठी करून बघता येते.

दोन प्रिंट काढून घ्या, दोन्ही मूळ मापाच्या. एक रंगीत, चांगल्या फोटो लॅबमधून. दुसरी कृष्णधवल. ही दुसरी प्रिंट रंगीतपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण चित्र उभे राहते ते उजेड-अंधाराच्या हिशेबावर. रंग त्यावर नंतर बसतो.

ब्रशला हात लावण्याआधी दोन-तीन संध्याकाळी चित्र नुसते बघा. मेरी बाळाकडे बघत नाही. तिची नजर खाली, कुठेतरी दूर आहे. ख्रिस्ती परंपरेत याचा अर्थ उघड आहे. या मुलाच्या वाट्याला पुढे काय येणार ते आईला ठाऊक आहे. चित्र प्रार्थनेसाठी काढलेले आहे आणि त्यातले सगळे मार्दव त्या दुःखाच्या अंगाने आलेले आहे. तुमचा धर्म कोणता का असेना, हे समजून घेतल्याशिवाय ओठांचे कोपरे जमणार नाहीत. नुसता गोड चेहरा काढायला गेलात तर कॅलेंडर तयार होईल.

आता सामान. कॅनव्हास बारीक विणीचा घ्या. जाड विणीवर बारीक चेहरा उतरत नाही. जमले तर नऊ किंवा बारा मिलिमीटरचा चांगला प्लायवूड त्याहून बरा, कारण मूळ चित्रही लाकडावरच आहे. प्लायवर अॅक्रिलिक जेसोचे तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर मारा. मागच्या बाजूलाही एक हात द्या, नाहीतर कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत फळी वाकते. इटालियन चित्रकार हेच काम जिप्सम आणि जनावरांच्या कातड्याच्या सरसाने करत, आणि पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत होईपर्यंत घासत.

रंग थोडे आणि चांगले घ्या. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, व्हर्मिलियन ह्यू, परमनंट अलिझरिन क्रिमझन, अल्ट्रामरीन, टेर व्हर्ट आणि आयव्हरी ब्लॅक. या दहांत सगळे चित्र होते. कॅम्लिनचे आर्टिस्ट दर्जाचे रंग पुरेसे आहेत. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त नळ्यांत रंगद्रव्य कमी असते आणि तिथे केलेली बचत पातळ थरांत लगेच उघडी पडते. पांढऱ्यात जुने चित्रकार शिशाचा सफेदा वापरत. तो विषारी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. अलिझरिन घेताना ‘परमनंट’ शब्द पाहून घ्या, कारण जुने अलिझरिन उजेडात फिकट होत जाते. ब्रश तीन-चार फिल्बर्ट, दोन बारीक गोल आणि एक रुंद, मऊ, नेहमी कोरडा ठेवायचा.

तेल हा तैलरंगाचा आत्मा आहे, तेव्हा त्याबद्दल नीट सांगतो. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि हळूहळू घट्ट कातडीसारखे होते. खालचा थर तेलकट आणि वरचा कोरडा असला की वरचा आधी आवळतो, खालचा मागाहून हलत राहतो आणि चित्राला भेगा पडतात. म्हणून खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ आणि वर जाताना तेलाचे प्रमाण थोडे थोडे वाढते, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. तेल चित्रकारांसाठी शुद्ध केलेलेच घ्या. चटणीच्या जवसाचे घाण्याचे तेल चालत नाही. वाळण्याचा वेगही रंगागणिक वेगळा असतो. रॉ अंबरमध्ये मँगॅनीज असते, त्यामुळे तो एक-दोन दिवसांत वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन आठवडा खातात. पहिल्या थराला अंबर का वापरायचा, याचे एक उत्तर हेच.

एक सूचना जिवाशी संबंधित आहे. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून डब्यात कोंबून ठेवू नका. तेल ऑक्सिजन घेताना तापते आणि असा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका. टर्पेंटाइनची वाफही डोक्यात जाते. खिडकी उघडी हवीच.

रेखाटन फळीवर नेण्याची राफाएलची पद्धत आपल्या घरांत ओळखीची आहे. साडीवर भरतकाम करायचे तेव्हा कागदावरच्या नक्षीला सुईने भोके पाडतात आणि वरून भुकटी फिरवून खाका उठवतात, तसेच हे. तेव्हाचे चित्रकार पूर्ण मापाच्या रेखाटनाला टोचून कोळशाची पुरचुंडी वरून आपटत. राफाएलची अशी टोचलेली रेखाटने आजही शिल्लक आहेत. तुम्ही मूळ मापाच्या प्रिंटवरून ट्रेसिंग पेपरवर बाह्यरेषा घ्या, टोचा आणि कोळशाची पूड वापरून ठिपके उठवा. मग ठिपक्यांवरून ट्रेसिंग न बघता, फक्त प्रिंट बघून, पेन्सिलीने रेषा पक्की करा. इथे तुमचा हात चित्र पहिल्यांदा समजून घेतो. चौकोन आखून मोठे करण्याची पद्धतही चांगली आहे, पण डोळे आणि ओठ यांत दोन मिलिमीटरची चूक म्हणजे दुसरीच बाई, हे लक्षात ठेवा. रेषा झाली की चित्र आरशात आणि उलटे धरून पाहा. वाकडे असेल ते लगेच डोळ्यांत भरते.

पहिला थर एकरंगी. रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून सावल्या भरा, आणि जिथे उजेड आहे तिथे चिंधीने पुसून खालचा पांढरा पृष्ठभाग मोकळा करा. समोर कृष्णधवल प्रिंट ठेवा. सगळ्यांत गडद काय? झग्याच्या खोल घड्या. सगळ्यांत उजळ काय? बाळाचे अंग आणि आईच्या कपाळाचा भाग. आकाशसुद्धा त्याहून किंचित मंद. या टप्प्यावर फोनने चित्राचा कृष्णधवल फोटो काढून प्रिंटशेजारी ठेवा. तो हिशेब जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवशिक्याची निम्मी चित्रे इथेच फसतात, आणि पुढे कितीही सुंदर रंग लावला तरी सावरत नाहीत.

थर वाळल्यावर आकाश आणि निसर्ग आधी करा. पुढच्या आकृत्यांच्या कडा मागच्या रंगावर बसवायला सोप्या जातात. आकाश माथ्याला निळे, क्षितिजाकडे उतरताना पांढुरके आणि किंचित उबदार. दूरच्या टेकड्या निळसर, जवळच्या हिरवट. चर्च करताना खिडक्या मोजत बसू नका, दोन प्रतलांवर उजेड-सावली नीट पडली की पुरे. एक गोष्ट ध्यानात असू द्या. त्या काळचा तांब्यापासून केलेला हिरवा रंग बऱ्याच चित्रांत काळाबरोबर तपकिरी झाला आहे. जुने व्हार्निशही पिवळे पडते. प्रत करायची ती चित्रकाराने केलेल्या कामाची. चार-पाचशे वर्षांचा मळ आणि बारीक भेगा उतरवत बसण्यात काही शिकणे नाही.

आता चेहरा. इथे वेळ काढा आणि एका बैठकीत करा, कारण तैलरंग दिवसभर ओला राहतो हीच त्याची देणगी आहे. पॅलेटवर आधी तीन ढीग मिसळून ठेवा. उजेडाचा ढीग पांढरा, यलो ऑकर आणि व्हर्मिलियनचा अगदी थेंब. सावलीचा ढीग रॉ अंबर, लाइट रेड आणि थोडा ऑकर, यात पांढरा जवळजवळ नाही. आणि तिसरा, मधल्या छटेचा, ज्यावर सगळा चेहरा अवलंबून आहे. उजेडाच्याच ढिगात टेर व्हर्टचा अंश घालून थंड, करडा-हिरवट केलेला.

मेरीचा गाल जबड्याकडे वळतो ती जागा स्क्रीनवर मोठी करून पाहा. उजेड संपतो आणि सावली सुरू होते त्यांच्यामध्ये एक अरुंद, थंड पट्टा असतो. नुसत्या डोळ्यांनी तो रंग असा जाणवत नाही, पण तो काढून टाकला तर गाल विटेसारखा लाल दिसतो. जबड्याच्या खालच्या कडेला, अगदी सावलीच्या आत, पुन्हा थोडा उजेड परत आलेला असतो. मानेवरून आणि कपड्यावरून उसळलेला तो उजेड. तो गालाच्या उजेडापेक्षा नेहमीच मंद ठेवा, नाहीतर गोलाई मोडते. तिन्ही ढिगांतले रंग चेहऱ्यावर शेजारी शेजारी, एकमेकांत न घोटता लावा. मग कोरडा मऊ ब्रश जेमतेम टेकवत जोडांवरून फिरवा, आणि प्रत्येक वेळी चिंधीला पुसा. चार-पाच हात पुरतात. सहाव्याला चेहरा साबणासारखा गुळगुळीत आणि निर्जीव होतो.

बाळाची त्वचा करताना मधली छटा अधिक गुलाबी, सावल्या अधिक फिकट. टायटॅनियम व्हाइट जोरदार आहे. बाळाच्या अंगावर तो सैल हाताने पडला तर खडूसारखे दिसते. अगदी शुद्ध पांढरा कुठेही लावू नका, उजेडाच्या टोकालाही त्यात ऑकर असू द्या. इथेच तैलरंगाचा एक नियम प्रत्यक्ष हातात येतो. गडद थरावर फिकट रंग पातळ फिरवला की तो थंड, निळसर दिसतो. फिकट थरावर गडद पारदर्शक रंग फिरवला की उबदार दिसतो. तेच दोन रंग, क्रम बदलला की वेगळा परिणाम. प्रत करायची ती ही क्रमाची जाण यावी म्हणून. चित्र हुबेहूब आले आणि क्रम समजला नाही, तर मी म्हणेन काम वाया गेले.

झग्याच्या निळ्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्या काळी खरा अल्ट्रामरीन म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला लाजवर्द दगड कुटून, मेण-राळेच्या गोळ्यात मळून काढलेला रंग. इतका महाग की चित्राच्या करारात तो किती आणि कोणत्या प्रतीचा वापरायचा हे लिहून घेत. मेरीला तो निळा द्यायचा, यात भक्तीचाही भाग होता आणि खर्चाचाही. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवता आला आणि आज तो नळीतल्या स्वस्त रंगांपैकी एक आहे. नुसता लावला तर तेलात फार काळसर दिसतो, म्हणून आधी घड्या तीन छटांत घडवा: अंबर मिसळलेला निळा, नुसता निळा, पांढरा मिसळलेला निळा. आठवडाभर वाळू द्या. मग तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन त्यात शुद्ध अल्ट्रामरीनचा काचेसारखा पातळ थर वरून द्या. या ग्लेझिंगनंतर रंगाला खोली येते. लाल पोशाखाचा क्रमही हाच. खाली व्हर्मिलियन आणि पांढऱ्यात उजेड-सावली, वाळल्यावर अलिझरिनचा ग्लेझ, आणि घड्यांच्या उंचवट्यावरून तो बोटाला गुंडाळलेल्या कापडाने हलकेच टिपून घ्यायचा.

ओढणी सगळ्यांत शेवटी. खालची त्वचा आणि लाल कापड पूर्ण वाळलेले हवे. ब्रशवर नावापुरता पांढरा-ऑकर, जवळजवळ कोरडा. कड जिथे दुमडते तिथे एक बारीक उजळ रेघ. पारदर्शकता रंगवायची नसते, कड आणि दोन-तीन चुण्या दाखवल्या की डोळा बाकीचे स्वतः भरतो.

प्रिंटवरून कळत नाही अशी एक गोष्ट म्हणजे रंगाच्या थराची जाडी. त्यासाठी खरी जुनी तैलचित्रे जवळून पाहायला हवीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याने दिलेली युरोपीय तैलचित्रे आहेत. पणजीच्या फुंदासांव ओरिएंतमध्ये आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद यांचा संग्रह आहे. गोव्यात जन्मलेले त्रिंदाद जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथेच शिकवत. अशा संग्रहालयात गेलात की चित्रासमोरून नव्हे, बाजूने तिरपे बघा. कुठे रंग उंच आहे, कुठे खालचा पृष्ठभाग दिसतो, हे दिव्याच्या उजेडात कळते. सावल्या पातळ, उजेड जाड. पुस्तकात शंभरदा वाचले तरी हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटते.

प्रत झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न रास्त आहे. लगेच दुसरी प्रत घेऊ नका. याच क्रमाने, याच रंगांनी, घरातल्या एखाद्या आई-मुलाला समोर बसवून चित्र करा. गोव्यात जन्मलेले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलेले आंजेलो द फोन्सेका यांनी मेरीला साडी नेसवली, भारतीय चेहरा दिला. त्यांचे माध्यम मुख्यतः जलरंग होते, पण त्यांची चित्रे अवश्य बघा. हाच विषय आपल्या मातीत कसा रुजतो ते तिथे दिसते. राफाएलने लिओनार्दोकडून घेतले ते असेच, पचवून.

प्रतीवर पुढच्या बाजूला सही करू नका. मागे स्वच्छ अक्षरांत मूळ चित्रकार, मूळ चित्राचे नाव, ‘यावरून केलेली प्रत’, तुमचे नाव आणि तारीख लिहा. वापरलेले रंग आणि थरांचा क्रमही तिथेच नोंदवा. भारतीय कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि राफाएल १५२० मध्ये वारला, त्यामुळे प्रत करण्यात गैर काही नाही. ती मूळ किंवा जुनी म्हणून खपवणे हा मात्र गुन्हा आहे.

सुरुवात पावसाळा संपल्यावर करा. दमट हवेत थर वाळत नाहीत आणि कॅनव्हासला बुरशी धरते. रोज तास-दोन तास दिले तर ऑक्टोबरात घेतलेले काम जानेवारीअखेर पुरे होते. व्हार्निशची घाई नको. वरून वाळलेला रंग आत सहा महिने ते वर्षभर कच्चाच असतो, आणि तोवर पुढचा पावसाळा येतो. म्हणून व्हार्निशचा हात पुढच्या ऑक्टोबरात द्या.